फाइल ट्रान्सफर मध्येच तुटणं

नेट पूर्ण बंद नाहीये, पण दर थोड्या वेळाने काही सेकंद किंवा काही मिनिटं जातं आणि परत येतं, आणि त्या नादात चालू असलेलं अपलोड किंवा डाउनलोड अर्धवट पडतं. तेव्हा जे एरर येतात आणि ते निस्तरायच्या ज्या पद्धती आहेत त्यांची ही नोंद. नेट पूर्ण गेलेलं एक वेळ परवडतं, कारण ते लगेच कळतं, फायबरच्या डब्यावर लाल लाइट लागते, माणूस केबलवाल्याला फोन लावून मोकळा होतो. तुटक नेटचं तसं नाही. मेसेज जातात, पेज उघडतात, व्हिडिओ पण अडखळत का होईना चालतो, फक्त मोठी फाइल तेवढी जात नाही. कारण साधं आहे, छोटी कामं दोन तुटण्यांच्या मधल्या वेळेत उरकून जातात, मोठं काम त्या वेळेत मावत नाही.

हिशोब करून बघू. नाशिकला कॉलेज रोडवरच्या एखाद्या फोटो स्टुडिओला लग्नाच्या अल्बमची ४ जीबीची फाइल पुण्याच्या लॅबला पाठवायची आहे आणि अपलोड स्पीड १० एमबीपीएस मिळतोय असं धरा. ४ जीबी म्हणजे साधारण ३२ हजार मेगाबिट, म्हणजे ३,२०० सेकंद, म्हणजे ५३ मिनिटं. आता लाइन सरासरी अर्ध्या तासाने एकदा तुटत असेल, कधी लवकर कधी उशिरा, तर सलग ५३ मिनिटं न तुटता मिळायची शक्यता १७ टक्क्यांच्या आसपास येते, म्हणजे सहा वेळा पाठवलं तर कुठे एकदा जाणार. तीच फाइल ८ एमबीच्या ५०० तुकड्यांत पाठवली तर एक तुकडा साडेसहा सेकंदांत जातो, आणि लाइन तुटली तर जास्तीत जास्त तेवढंच वाया. लाइन तीच, स्पीड तोच, केबलवाला पण तोच. मोठा प्लॅन घेतल्याने फरक पडत नाही असं नाही, १०० एमबीपीएसला हेच काम साडेपाच मिनिटांत होईल आणि बहुतेक वेळा जाईल, पण फाइल ४ जीबीची ४० जीबी झाली की परत तिथेच. लाइन न तुटणारी करता येत नाही, तुटल्यावर कुठून सुरू करायचं ते मात्र आपल्या हातात असतं, आणि या विषयातलं बरंचसं तंत्र या एकाच गोष्टीभोवती फिरतं.

तुटतं कुठे

फाइल नाशिकहून निघून सर्व्हरपर्यंत जाते तेव्हा मध्ये बरेच टप्पे असतात आणि सगळ्यात कच्चे टप्पे बहुधा आपल्याच बाजूला असतात. पहिला वायफाय, दोन भिंतींपलीकडचा. दुसरा राउटर, जो लाइट गेली की बंद होतो आणि आल्यावर दोन-तीन मिनिटं घेतो (कॉम्प्युटरला यूपीएस आणि राउटरला नाही, ही व्यवस्था बघायला मिळते तितकी कुठलीच मिळत नसेल). तिसरा खांबाखांबावरून आलेली फायबरची वायर. पावसाळ्याआधी झाडं छाटताना तुटते, रस्ता खणला की तुटते, आणि सिंहस्थ जवळ आला की नाशिकात रस्ते खणले जाणारच, त्याला इलाज नाही.

मोबाईल नेटची तऱ्हा वेगळी. पर्वणीच्या दिवशी रामकुंडाच्या आसपास फोनमध्ये रेंज फुल्ल दिसते आणि नेट मात्र हलत नाही. रेंजच्या दांड्या टॉवरचा सिग्नल किती जोरात येतोय ते सांगतात, त्या टॉवरवर अजून किती हजार लोक लटकलेत ते सांगत नाहीत. डेटा ज्या छोट्या छोट्या पुड्यांत जातो ती पाकिटं गर्दीत रांगेत पडून राहतात, रांग भरली की टाकून दिली जातात. इगतपुरी-कसारा घाटात पंचवटी एक्सप्रेसमध्ये बसून अपलोड करणाऱ्याचं दुखणं अजून निराळं, बोगद्यात रेंज जाते, बाहेर आल्यावर टॉवर दुसरा असतो आणि कधी कधी आयपी पत्ता, म्हणजे नेटवरचा आपला पत्ता, पण बदललेला असतो. टीसीपी, म्हणजे डेटा पोचल्याची खात्री करत पाठवायची पद्धत, त्यातलं कनेक्शन ओळखलं जातं ते चार गोष्टींवरून, दोन्हीकडचे आयपी पत्ते आणि दोन्हीकडचे पोर्ट नंबर. यातला एक जरी बदलला तरी ते कनेक्शन मेलं, परत जोडता येत नाही, नवीनच करावं लागतं. अंबड-सातपूरच्या, म्हणजे नाशिकच्या औद्योगिक वसाहतींतल्या, ज्या ऑफिसांत दोन लाइन घेतलेल्या असतात तिथे पण नेमकं हेच होतं: एक लाइन गेली की राउटर दुसरीवर टाकतो, सगळ्यांना वाटतं आता नेट जातच नाही, पण चालू असलेली प्रत्येक फाइल त्या क्षणी तुटते कारण बाहेरचा पत्ता बदलला.

या चार गोष्टींच्या अडचणीवरही उपाय असलेला क्विक नावाचा प्रोटोकॉल (नेटवर बोलायची ठरलेली पद्धत) आला, मे २०२१ मध्ये आरएफसी ९००० म्हणून प्रसिद्ध झालेला (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या नियमांचे क्रमांक दिलेले कागद). त्यात प्रत्येक कनेक्शनला स्वतःचा ओळख क्रमांक असतो, त्यामुळे फोन वायफायवरून मोबाईल डेटावर गेला तरी कनेक्शन टिकू शकतं. एचटीटीपीची, म्हणजे वेब ज्यावर चालतं त्या प्रोटोकॉलची, तिसरी आवृत्ती याच क्विकवर चालते. पण सर्व्हर आणि ॲप दोघांनी ते वापरायला पाहिजे, आणि वर्कशॉपमधल्या जुन्या एफटीपीला (फाइल पाठवायचा जुना प्रोटोकॉल) याचा काही उपयोग नाही.

तुटलंय हे कळायलाच वेळ लागतो

टीसीपीत पाठवलेल्या डेटाची समोरून पोच येते. पोच आली नाही की तो परत पाठवतो, तरी नाही आली की जरा जास्त थांबून परत, असं वाढवत वाढवत जातो. दोन-चार सेकंदांचा खंड या कारभारात आपोआप जिरून जातो, आपल्याला कळत पण नाही. पण लाइन खरंच मेली असेल तर लिनक्सचं टीसीपी ठरलेल्या सेटिंगवर असे १५ प्रयत्न करून मग हात टेकतं, आणि त्यात जवळपास ९२५ सेकंद, म्हणजे साधारण साडेपंधरा मिनिटं जातात. तोवर प्रोग्रॅम ‘ट्रान्सफर चालू आहे’ असंच दाखवतो. डाउनलोड करत असलात तर अजून वाईट, कारण आपल्याकडून पाठवायचं काहीच नसतं, नुसतं वाट बघणं असतं, आणि समोरचा मेला तरी आपल्याला कळायचं कारणच उरत नाही. त्यासाठी कीपअलाइव्ह नावाची सोय आहे, गप्प असलेल्या कनेक्शनवर मधूनमधून ‘आहेस का’ विचारणारी, पण ती मुळात चालू करावी लागते आणि चालू केली तरी पहिला प्रश्न ठरलेल्या सेटिंगवर २ तासांनी विचारते.

आणि २ तास कोण थांबतंय. मधला राउटर आतल्या पत्त्यांची आणि बाहेरच्या पत्त्यांची सांगड एका वहीत लिहून ठेवतो, या पद्धतीला नॅट म्हणतात, आणि काही वेळ हालचाल दिसली नाही की ती ओळ खोडून टाकतो. आरएफसी ५३८२ म्हणते की चालू टीसीपी कनेक्शनची ओळ २ तास ४ मिनिटांच्या आत खोडू नये, पण बरीच स्वस्त यंत्रं काही मिनिटांतच खोडतात. याचा सगळ्यात मजेशीर फटका एफटीपीला बसतो. एफटीपीत कनेक्शन दोन असतात, एक हुकूम द्यायला आणि एक डेटाला. मोठी फाइल जात असताना डेटाचं कनेक्शन धो धो वाहतं आणि हुकमाचं गप्प बसलेलं असतं, राउटर गप्प बसलेल्याला खोडतो, फाइल १०० टक्के पोचते आणि मग ‘झालं’ हा निरोपच येत नाही. प्रोग्रॅम म्हणतो टाइमआउट आणि अख्खी फाइल पहिल्यापासून पाठवायला घेतो. फाइल केव्हाच पोचलेली असते, पाठवणारा मात्र दुसऱ्या दिवशी पण पाठवतच असतो.

म्हणून सिस्टिमच्या भरवशावर न राहता प्रोग्रॅममध्येच वेळेची मर्यादा घालतात. ती एकूण वेळेवर घालू नये, १० मिनिटांत फाइल जायलाच पाहिजे म्हटलं तर हळू पण नीट चालणारी लाइन उगाच कापली जाते. मर्यादा शांततेवर घालायची: ३० सेकंदांत एक बाइट पण हलला नाही तर हे कनेक्शन सोड आणि नवीन कर.

एरर वाचायचा कसा

स्क्रीनवर येणारे मेसेज बहुतेक जण न वाचता बंद करतात, पण त्यात बरंच काही असतं. ‘कनेक्शन रीसेट’ म्हणजे समोरून, किंवा समोरच्याच्या नावाने मधल्या कुठल्या तरी फायरवॉलने, कनेक्शन तोडलं असा स्पष्ट निरोप आला. ‘टाइम्ड आउट’ म्हणजे काहीच निरोप आला नाही, नुसती शांतता. ‘रिफ्यूज्ड’ म्हणजे मशीनपर्यंत आपण पोचलो पण त्या पोर्टवर ऐकणारा प्रोग्रॅम चालू नाही. ‘ब्रोकन पाइप’ म्हणजे समोरच्याने बंद केलेल्या कनेक्शनवर आपण लिहायला गेलो. वेबवर ५०२, ५०३, ५०४ आकडे आले तर सर्व्हरकडे तात्पुरती गडबड आहे, ४२९ आला तर तुम्ही फार घाई करताय, आणि या वेळी सर्व्हर ‘इतक्या सेकंदांनी या’ असं पण सांगू शकतो, ते ऐकायचं. ४०३ किंवा ४१३ आला तर शंभर वेळा पाठवून उपयोग नाही, पहिल्यात परवानगी नाही आणि दुसऱ्यात फाइल त्यांच्या मर्यादेपेक्षा मोठी आहे. ४०१ या दोन प्रकारांच्या मधला, म्हणजे लॉगिन चालत नाही, पण लॉगिनची मुदत ट्रान्सफर चालू असतानाच संपली असेल तर परत लॉगिन करून पुढे जाता येतं.

परत पाठवणं

तुटलं की परत पाठव, हे कोणालाही सुचतं, पण लगेच आणि सारखं पाठवलं तर त्यानेच गोंधळ वाढतो. सातपूरला लाइट गेली आणि २० मिनिटांनी आली की शेकडो मशीन एकाच वेळी जागी होतात आणि सगळ्यांचे अडकलेले बॅकअप एकाच क्षणी निघतात, सर्व्हर दबतो, सगळे फेल होतात, आणि सगळे परत बरोबर एकाच वेळी प्रयत्न करतात. यावरची पद्धत म्हणजे थांबायचा वेळ दुप्पट करत जाणं, १ सेकंद, २, ४, ८, १६, ३२, आणि प्रत्येक वेळी त्यात थोडी यादृच्छिक भर घालणं म्हणजे सगळे एकत्र परत येत नाहीत. दुप्पट करत जायची कल्पना इथरनेटच्या जुन्या केबलमध्ये पण होती, तिथे १६ प्रयत्नांनंतर नाद सोडायचे.

किती वेळा प्रयत्न करायचा हे लोक ५ किंवा ६ असं मनाने ठेवतात आणि तिथे फसतात. वरचे सहा थांबे मिळून ६३ सेकंद होतात. राउटर चालू व्हायलाच दोन-तीन मिनिटं लागतात, मग सहाही प्रयत्न राउटर बूट होत असतानाच संपून जाणार. अजून दोन थांबे वाढवले, ६४ आणि १२८, की एकूण २५५ सेकंद होतात, सव्वाचार मिनिटं, आता राउटर त्यात बसतो. आकडा आपल्या इथे काय तुटतं आणि किती वेळ तुटतं त्यावरून ठरवायचा. मधे एक जरी तुकडा नीट पोचला तरी मोजणी परत शून्यावर आणायची, नाहीतर दिवसभरात आठ वेळा तुटलेली ४० जीबीची फाइल बरी चाललेली असताना सोडून दिली जाते.

दुसरा धोका दुहेरी नोंदीचा. पिंपळगाव किंवा दिंडोरीच्या पॅकहाऊसमधून द्राक्षाच्या कंटेनरची कागदपत्रं अपलोड केली, ती पोचली, पण ‘मिळाली’ हे उत्तर येताना लाइन गेली. आपल्याकडून बघितलं तर न पोचणं आणि पोच न येणं यात काहीही फरक दिसत नाही. परत पाठवलं की तिकडे एकाच कंटेनरच्या दोन नोंदी. म्हणून पाठवणाऱ्याने प्रत्येक कामाला एक कायमचा क्रमांक द्यायचा, परत पाठवताना तोच क्रमांक, आणि सर्व्हरने तो आधी आलेला असेल तर नवीन नोंद न करता जुनंच उत्तर परत द्यायचं. ही सोय नसेल तर आपोआप परत पाठवणं बंदच ठेवलेलं बरं.

जिथून तुटलं तिथून

ही कल्पना इंटरनेट घराघरांत यायच्या आधीची. एफटीपीची पहिली मांडणी एप्रिल १९७१ ची, आरएफसी ११४, लिहिणारे अभय भूषण, आयआयटी कानपूरच्या पहिल्या बॅचचे, तेव्हा एमआयटीत होते. १९८५ च्या आरएफसी ९५९ मध्ये मधून सुरू करायचा हुकूम होता पण रोज वापरल्या जाणाऱ्या पद्धतीसाठी तो कागदावर नव्हता, लोक आपापल्या परीने वापरत राहिले, आणि रीतसर लिहिला गेला तो थेट २००७ मध्ये, आरएफसी ३६५९ मध्ये. फोन लाइनवरून डेटा पाठवणाऱ्या मोडेमवाल्यांकडे १९७७ चं एक्समोडेम १२८ बाइटचे तुकडे पाठवायचं, आणि १९८६ च्या झेडमोडेममध्ये फोन कट झाला तर पुढून सुरू करायची सोय होती. फोनचं बिल मिनिटावर असलेल्या काळात ती चैन नव्हतीच.

वेबवर डाउनलोडसाठी ब्राउझर सर्व्हरला सांगतो की मला अमुक बाइटपासून पुढचं दे, सर्व्हरला जमलं तर तो २०६ हे उत्तर देऊन तेवढाच भाग पाठवतो, नाही जमलं तर २०० देऊन अख्खी फाइल. काही अर्धवट लिहिलेले प्रोग्रॅम हा आकडा न बघता आलेलं सगळं जुन्या तुकड्याला चिकटवतात आणि फाइल मूळ साइजपेक्षा मोठी होते, ती अर्थात उघडत नाही. अजून एक भानगड म्हणजे मधल्या वेळेत सर्व्हरवरची फाइलच बदलणं. अंबडचा जॉबवर्कवाला पार्टीकडून ड्रॉइंगची झिप उतरवतोय, अर्ध्यात तुटली, तोवर पार्टीने त्याच नावाने सुधारलेलं ड्रॉइंग चढवलं, आता पुढचा अर्धा भाग नवीन फाइलचा आला. झिप असेल तर निदान उघडत नाही म्हणून कळतं. साधी टेक्स्ट फाइल असेल, मशीनचा प्रोग्रॅम वगैरे, तर उघडते आणि चालते पण, मग जॉब स्क्रॅप. यासाठी सर्व्हर प्रत्येक फाइलला एक खूण देतो, ईटॅग, आणि पुढचा भाग मागताना ‘हीच खूण असेल तरच तुकडा दे, नाहीतर अख्खी दे’ असं सांगता येतं. डब्ल्यूगेट या डाउनलोडच्या प्रोग्रॅमचं पुढून सुरू करायचं ऑप्शन इतकं तपासत बसत नाही, ते आपल्याकडचा तुकडा बरोबर आहे असंच धरून चालतं.

अपलोडला हे जास्त अवघड. आपल्या प्रोग्रेस बारवर ६० टक्के दिसतं त्याचा अर्थ ६० टक्के पोचलं असा नसतो, तेवढं आपल्याच मशीनच्या बफरमध्ये लिहून झालं एवढाच असतो. म्हणून तुटल्यावर आधी सर्व्हरला विचारायचं की तुझ्याकडे कुठपर्यंत आलंय, आणि तिथून पुढे द्यायचं. गूगल ड्राइव्हची पद्धत अशीच आहे, तुकडे २५६ केबीच्या पटीत, आणि अर्धवट अपलोड पुढे चालू करायला एक आठवड्याची मुदत. टस नावाचा खुला प्रोटोकॉल पण याच प्रश्नापासून सुरू होतो.

सर्व्हर आपल्या हातात असेल तर आरसिंकसारखं सोयीचं काही नाही. अँड्र्यू ट्रिजेल आणि पॉल मॅकेरस यांनी १९९६ मध्ये आणलेलं हे साधन दोन्हीकडच्या फाइलचे तुकडे पडताळून फक्त फरक पाठवतं. पण पार्शलचं ऑप्शन दिलं नाही तर तुटलेला अर्धा भाग ते स्वतःच पुसून टाकतं, आणि हे माहीत नसल्यामुळे किती तरी जण रात्रभर चालवून सकाळी शून्यावर येतात.

पोचलेली फाइल खरी का

साइज जुळली म्हणजे फाइल जुळली असं नाही. टीसीपीची स्वतःची तपासणी फक्त १६ बिटांची, आणि स्टोन आणि पार्ट्रिज यांनी २००० साली दाखवून दिलं की चुकीची पाकिटं त्यातून सुटून जाऊ शकतात, अगदी क्वचित पण जातात. एचटीटीपीएस किंवा एसएफटीपी या सुरक्षित पद्धती असतील तर वाटेतली बिघडलेली पाकिटं पकडली जातात, पण तुकडे चुकीचे चिकटवले असतील तर ते पण काही करू शकत नाहीत. खात्री म्हणजे दोन्हीकडे अख्ख्या फाइलचा शा-२५६, म्हणजे फाइलमधल्या मजकुरावरून निघणारा ठसा, काढून जुळतो का बघणं, विंडोजमध्ये सर्टयुटिल या प्रोग्रॅमने निघतो, वेगळं काही टाकावं लागत नाही. आणि उतरत असलेली फाइल शेवटच्या नावाने कधीच लिहू नये, आधी पार्ट वगैरे शेपूट लावलेलं नाव, तपासून झाल्यावर नाव बदलायचं, म्हणजे दुसरा कोणी अर्धी फाइल पूर्ण समजून उचलत नाही.

जे लाइनचं दुखणं नसतंच

केबलवाल्याला शिव्या घालायच्या आधी फाइल कुठे तुटते ते दोन-तीनदा लिहून काढावं. दर वेळी वेगळ्या जागी आणि वेगळ्या वेळी तुटत असेल तर लाइन. दर वेळी सुरू केल्यापासून ठराविक वेळाने, समजा बरोबर ६० सेकंदांनी, तुटत असेल तर कुठे तरी टाइमआउट लावलेला आहे, एनजिनएक्स या वेब सर्व्हरच्या प्रोग्रॅममध्ये मागच्या सर्व्हरची वाट बघायचा ठरलेला वेळ ६० सेकंदच असतो. दर वेळी त्याच बाइटवर तुटत असेल तर मर्यादा आहे. पेन ड्राइव्ह फॅट-३२ चा (फाइली साठवायची एक जुनी पद्धत) असेल तर ४ जीबीच्या वर एक फाइल मावतच नाही, आणि काही प्रोग्रॅम त्याला नेटवर्क एरर म्हणून दाखवतात. पीएचपीत (वेबसाइट लिहायची एक भाषा) अपलोडची मर्यादा ठरलेल्या सेटिंगवर २ एमबी असते, कोणी वाढवली नसेल तर त्याहून मोठी फाइल जाणारच नाही.

अजून एक फसवा प्रकार आहे. लॉगिन होतं, फोल्डरची यादी दिसते, छोट्या फाइली जातात आणि मोठी फाइल पहिल्याच क्षणी गोठते, दर वेळी. इथे पाकिटाच्या साइजचा घोळ असतो. इथरनेटचं पाकीट १,५०० बाइटचं, पीपीपीओईवर (ब्रॉडबँडला लॉगिन करून जोडायची पद्धत) ८ बाइट त्यालाच लागतात म्हणून १,४९२ च मावतात, व्हीपीएन असेल तर अजून कमी. मोठं पाकीट अडलं की अडवणाऱ्या राउटरने ‘छोटं पाठव’ असा निरोप द्यायचा असतो, पण मधल्या एखाद्या फायरवॉलने तो निरोपच बंद करून ठेवला असेल तर पाठवणारा तेच मोठं पाकीट पाठवत बसतो. राउटरमध्ये एमटीयू, म्हणजे पाकिटाची कमाल साइज, १,४९२ किंवा त्याहून खाली आणला की बहुतेक वेळा सुटतं.

लाइनच आहे असं ठरलं तर दोन खिडक्यांत पिंग (समोरून उत्तर येतंय का ते सारखं विचारणारा प्रोग्रॅम) लावून ठेवायचे, एक आपल्या राउटरला आणि एक बाहेरच्या कुठल्या तरी पत्त्याला. राउटरचाच पिंग अडकत असेल तर दोष घरातल्या वायफायचा, वायर लावून बघा. राउटरचा नीट आणि बाहेरचा अडकत असेल तर तक्रार करताना अडकलेल्या वेळा घड्याळासकट सांगा, ‘नेट येतंय-जातंय’ एवढ्यावर समोरून ‘राउटर बंद करून चालू करा’ याच्यापुढे सहसा काही येत नाही.